मार्चअखेरचे गुलमर्ग: हंगामाच्या शेवटी बर्फ आणि हवामान कसे वाचावे

गुलमर्गमधील स्कीइंगचा हंगाम साधारणपणे डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो. काश्मिरी लोकांच्या हिशेबात कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्लई कलान, 21 डिसेंबरला सुरू होतात; त्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा येतो, आणि फेब्रुवारी सरता सरता हा हिशेब मिटतो. त्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत डोंगरावर बर्फ भरपूर असतो, पण तो जानेवारीसारखा वागत नाही. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्यांची गर्दी परीक्षा आटोपल्यावर, नेमकी याच सुमारास वाढू लागते, आणि त्यांतल्या ज्यांना स्की शिकायची किंवा करायची असते ते हॉटेलला फोन करून एकच प्रश्न विचारतात: बर्फ किती आहे?

हंगामाच्या शेवटी या प्रश्नाचा फारसा उपयोग होत नाही. दोन मीटर बर्फ असूनही दिवस वाया जाऊ शकतो आणि त्याच्या निम्म्या बर्फावर उत्तम स्कीइंग होऊ शकते. विचारायचे ते हे, की काल रात्री बर्फ गोठला होता का, आणि गोठला असेल तर आज तो किती वाजेपर्यंत टिकेल. पुढील सर्व पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: उंचीचा विचार करून तारखा ठरवाव्यात

गुलमर्गचे पठार सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा 3,050 मीटरच्या आसपास असलेल्या कोंगदोरीला पोहोचवतो आणि दुसरा टप्पा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला फेज टू, अफरवत डोंगराच्या धारेजवळ सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. पहिला टप्पा 1998 मध्ये आणि दुसरा 2005 मध्ये सुरू झाला. या 1,300 मीटरच्या फरकामुळे एकाच दिवशी खाली चिखल, मधे ओला बर्फ आणि वर कोरडा बर्फ असे तीन ऋतू सापडतात.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पठारापासून माथ्यापर्यंत सलग बर्फ मिळण्याची शक्यता चांगली असते. महिना संपत आला की पठारावरील नवशिक्यांचे उतार आधी जागोजागी उघडे पडतात, आणि जंगलातून बाबारेशी, द्रंग किंवा तंगमर्गच्या दिशेने उतरणाऱ्या लांबलचक वाटा खालच्या टोकाला तुटतात. अशा वेळी स्की खांद्यावर घेऊन चिखलातून चालण्याची तयारी नसेल तर त्या वाटांचा विचार सोडून द्यावा. एप्रिलमध्ये खरा भरवसा फेज टूच्या उंचीवरच ठेवता येतो. नवशिक्या माणसाला मात्र त्या उंचीचा काही उपयोग नाही, कारण तेथील उतार त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. म्हणून प्रथमच स्की पायात घालणाऱ्याने फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात ही मुदत धरावी. ज्याला स्की आधीपासून येते त्याने मार्चचा मध्य ते अखेर निवडली तरी चालेल.

तारखांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे अलीकडे एका वर्षाचा अनुभव दुसऱ्या वर्षाला लागू पडत नाही. 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला आणि नंतर फेब्रुवारीत जोरदार हिमवृष्टी झाली. 2025 मध्ये फेब्रुवारीत ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि त्या 9 ते 12 मार्च या काळात पार पडल्या. उलट 2022 चा मार्च हा देशपातळीवर 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. त्यामुळे विमानाची तिकिटे बदलता येण्याजोगी असणे हे येथे चैनीचे लक्षण नसून नियोजनाचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी: आठवडाभर आधीपासून अंदाज पाहावा, पण उंचीनुसार

काश्मीरमधील हिवाळी बर्फ बहुतांशी पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडत येणाऱ्या या प्रणालींना हवामान खाते वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणते. विक्षोभ येण्याआधी ढग वाढतात आणि रात्री उबदार होतात, तो आला की एक-दोन दिवस पाऊस-बर्फ होतो, आणि तो सरकला की आकाश मोकळे होऊन थंडी पडते. हे चक्र हंगामाच्या शेवटीही चालू असते. फरक इतकाच, की त्यातील किती भाग बर्फ म्हणून पडेल आणि किती पाऊस म्हणून, हे आता काठावर असते.

हा काठ स्वतः मोजता येतो. ढगाळ, पावसाळी हवेत दर 1,000 मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरते. श्रीनगर 1,585 मीटरवर आहे. समजा विक्षोभ आलेला आहे, श्रीनगरात पाऊस पडतो आहे आणि तेथे तापमान 8 अंश आहे. गुलमर्गचे पठार त्याहून सुमारे 1,065 मीटर उंच, म्हणजे तेथे दीड अंशाच्या आसपास. पडणार तो चिकट, पाणीदार बर्फ किंवा पावसात मिसळलेला बर्फ. कोंगदोरीला उणे एकच्या जवळपास. तेथे जड पण खरा बर्फ. माथ्यावर उणे सहा. तेथे कोरडी हिमवृष्टी. आता श्रीनगरचा आकडा 12 करून पाहा: पठारावर सरळ पाऊस, कोंगदोरीलाही पाऊसच, आणि हिमरेषा फेज टूच्या मार्गात कोठेतरी. बर्फ शून्य अंशाच्या पातळीच्या थोडा खालपर्यंतही न वितळता पोहोचतो. ही सूट साधारण 300 मीटरची धरावी.

हा हिशेब पावसाळी, वाऱ्याच्या दिवसापुरताच खरा मानावा. निरभ्र रात्रीनंतरच्या पहाटे थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि श्रीनगर व गुलमर्ग यांतील फरक नाहीसा झाल्यासारखा वाटतो; त्या वेळी श्रीनगरच्या आकड्यावरून डोंगराचा अंदाज बांधल्यास हमखास फसगत होते. मोबाईलवरील हवामानाच्या ॲपने गुलमर्गसाठी दाखवलेले तापमान नेमक्या कोणत्या उंचीचे आहे, हेही तपासावे. पुष्कळदा ते पठाराचेही नसते, ॲपच्या गणिताने धरलेल्या कुठल्यातरी सरासरी उंचीचे असते.

तिसरी पायरी: आदल्या रात्री आकाश पाहावे

हंगामाच्या शेवटी दिवसाची गुणवत्ता आदल्या रात्रीच ठरते. दिवसा उन्हाने बर्फाचा वरचा थर वितळतो, त्यातील पाणी कणांमधून खाली झिरपते, आणि रात्री ते गोठून कणांना एकमेकांशी जखडते. हे चक्र काही दिवस चालले की मूळच्या चांदणीसारख्या नाजूक स्फटिकांचे गोल, टपोरे दाणे होतात. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे हे दाणे रात्रीच्या गोठणीने एकजीव होतात आणि सकाळी वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर सुटू लागला की त्यावरून स्की विलक्षण सहज वळते. जगभरचे स्कीअर यालाच कॉर्न स्नो म्हणतात आणि हंगामाच्या शेवटी येणारे जाणकार मुख्यतः त्याच्यासाठीच येतात.

गोठण चांगली होण्यासाठी हवेचे तापमान शून्याखाली गेलेच पाहिजे असे नाही. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा काही अंश अधिक थंड होतो, त्यामुळे हवा 2 अंशांवर असतानाही कवच धरू शकते. याउलट आकाश ढगांनी भरलेले असेल तर ही उष्णता अडून राहते, आणि हवा उणे एकवर असली तरी खालचा थर ओलाच राहतो. म्हणून झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यास मध्यरात्री बाहेर डोकावून तारे दिसतात का ते पाहावे. थर्मामीटरपेक्षा ताऱ्यांवर अधिक विसंबावे. कोरडी हवा आणि मंद वारा असेल तर गोठण आणखी खोल जाते. दमट, उबदार वारा रात्रभर वाहत असेल तर दुसऱ्या दिवसाची आशा ठेवू नये. लागोपाठ दोन-तीन रात्री गोठण झाली नसेल, तर एखाद्या अर्धवट थंड रात्रीने काम भागत नाही, कारण पाणी तोवर थराच्या तळापर्यंत गेलेले असते आणि वरचे कवच पातळ पापुद्र्यासारखे राहते.

चौथी पायरी: सकाळी पायाने आणि काठीने तपासावे

नाश्त्याआधी हॉटेलच्या मागील, लोकांच्या पायांनी न तुडवलेल्या बर्फावर जावे. स्की न घालता, नुसत्या बुटाने पूर्ण भार देऊन उभे राहावे. बर्फाने भार पेलला, बुटाची टाच वाजली आणि काठीचे टोक जोर देऊनही जेमतेम शिरले, तर पठाराच्या उंचीवर गोठण झाली आहे आणि वरची परिस्थिती त्याहून बरी असण्याची शक्यता आहे. पाय घोट्यापर्यंत फसला तर काठी उलटी धरून मुठीच्या बाजूने दाबावी आणि कवचाची जाडी पाहावी. वीतभर कवच असेल तर सकाळचे दोन-तीन तास मिळतील. बोटभर असेल तर पहिल्या उन्हातच ते संपेल. पाय पोटरीपर्यंत जात असेल तर त्या दिवशी तीव्र उतारांचे नावच काढू नये.

हीच चाचणी कोंगदोरीला उतरल्यावर पुन्हा करावी. माणसे येथे घाई करतात, कारण दुसऱ्या टप्प्याची रांग समोर दिसत असते. पण चाचणीला मिनिटभरही लागत नाही आणि पठारावरच्या बर्फाने वरच्या बर्फाविषयी जे सांगितले ते खरे की खोटे हे तेथेच कळते.

पाचवी पायरी: सूर्याबरोबर उतार बदलावेत

कोल्हापूर आणि गुलमर्ग जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे दोन्ही ठिकाणी मार्चमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात 12 वाजता नव्हे, तर सुमारे 12 वाजून 40 मिनिटांनी. युरोपातील मार्गदर्शक पुस्तकांत दिलेल्या वेळा येथे जशाच्या तशा वापरता येत नाहीत, याचे हे एक कारण. दुसरे कारण अफरवतच्या रचनेत आहे. डोंगर गुलमर्गच्या पश्चिम-नैर्ऋत्येस असल्यामुळे गंडोलाकडील मुख्य उतारांचे तोंड साधारणपणे पूर्व-ईशान्येकडे आहे. म्हणजे सूर्य उगवल्या उगवल्या त्यांवर येतो, आणि दुपारनंतर ते लवकर सावलीत जातात.

यातून अडचण अशी निर्माण होते, की गंडोला सुरू होऊन, रांग पुढे सरकून आणि स्की पेट्रोलने (उतारांची सुरक्षा पाहणाऱ्या पथकाने) फेज टू उघडून आपण माथ्यावर पोहोचेपर्यंत पूर्वेकडील उतारांनी दोन-तीन तास ऊन खाल्लेले असते. मार्चअखेरीस पर्यटकांची गर्दी वाढली की हा उशीर आणखी लांबतो. म्हणून गंडोलाची तिकिटे आधीच ऑनलाइन काढून ठेवावीत आणि पहिल्या केबिनसाठी रांगेत उभे राहावे. येथे वाचवलेला अर्धा तास दुपारच्या दोन तासांपेक्षा मोलाचा आहे.

क्रम असा ठेवावा. माथ्यावरून पहिली फेरी थेट पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर करावी, कारण तेच आधी सुटतात आणि आधीच बिघडतात. स्कीखाली अजून खडखडाट ऐकू येत असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. टणक बर्फावर तीव्र उतारात पडणारा माणूस थेट तळाशी जाऊन थांबतो. वरचा थर दोन-तीन सेंटिमीटर सुटला की निघावे. त्यानंतर उत्तरेकडे झुकलेल्या घळी आणि सावलीचे काठ निवडावेत. तेथे सकाळी जो बर्फ अजून कडक होता तो दुपारच्या सुमारास चांगला होतो. 3,500 मीटरच्या वर उत्तर अंगाला मार्चमध्येही कोरडा, हिवाळी बर्फ सापडतो, मात्र त्याचे धोकेही हिवाळ्याचेच असतात. दुपारी एकच्या पुढे पूर्व उतारांवर, आणि दोनच्या पुढे कोंगदोरीखालील खुल्या उतारांवर, राहू नये. झाडीतील सावलीचा बर्फ थोडा अधिक टिकतो, परंतु बुंध्याभोवतीचे खड्डे याच काळात मोठे होतात, तेव्हा झाडांपासून अंतर राखावे.

सहावी पायरी: ताजा बर्फ पडला असेल तर वरचे सर्व बाजूला ठेवावे

मार्चमध्ये एखादा जोरकस विक्षोभ एका रात्रीत फूट-दोन फूट बर्फ टाकून जातो आणि सकाळी निळे आकाश निघते. हौशी माणसाला यासारखा मोह नाही, आणि हंगामाच्या शेवटी सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती याच सकाळी.

त्याची कारणे तीन आहेत. पश्चिमेकडील वारा अफरवतच्या धारेवरून बर्फ उचलून गंडोलाच्या बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला आणून टाकतो. तेथे वाऱ्याने दाबलेल्या बर्फाची जाड पाटी तयार होते आणि धारेवर पुढे झुकलेले छज्जे लटकतात. दुसरे म्हणजे, हंगामाचा पूर्वार्ध कोरडा गेला असेल तर पातळ थरात तळाशी साखरेसारखे सुटे दाणे तयार झालेले असतात, आणि त्यांच्यावर अचानक मोठे ओझे आले की सगळा थर त्यावरून सुटू शकतो. तिसरे म्हणजे मार्चचे ऊन. जानेवारीत ताजा थर हळूहळू बसतो. मार्चमध्ये त्यावर पहिले कडक ऊन पडताच तो काही तासांत ओला, जड होतो, आणि त्याची खालच्या थराशी पकड बसण्याआधीच ओझे वाढते.

गुलमर्गचा इतिहास या बाबतीत गंभीर आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्ग भागात लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे जवान हिमस्खलनाखाली सापडून मृत्युमुखी पडले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतच्या हापतखुड भागातील हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर दगावले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी, म्हणजे कोरड्या जानेवारीनंतर आलेल्या मोठ्या हिमवृष्टीच्या पाठोपाठ, एका रशियन स्कीअरचा बळी गेला.

म्हणून 25 ते 30 सेंटिमीटरहून अधिक बर्फ पडल्यास किमान एक, शक्यतो दोन दिवस 30 अंशांहून तीव्र उतार टाळावेत. बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारांवरच सुटतात. उताराचा कोन मोबाईलमधील मोजपट्टीने काठी उताराच्या वर-खाली दिशेने बर्फावर ठेवून मोजता येतो. डीआरडीओच्या डीजीआरई या संस्थेचा जिल्हावार हिमस्खलन इशारा पाहावा (गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येते) आणि स्थानिक स्की पेट्रोलशी सकाळी प्रत्यक्ष बोलावे. पेट्रोल गंडोलालगतचा मुख्य भागच तपासते व उघडते. या भागाची हद्द दाखवणाऱ्या दोरीपलीकडील डोंगर कोणीही तपासलेला नसतो, मग तेथे आधीच दहा जणांच्या स्कीच्या खुणा दिसत असल्या तरीही. त्या खुणांवरून एवढेच कळते की ते दहा जण पार झाले.

दोरीपलीकडे जायचेच असेल तर ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठावठिकाणा देणारे रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, ते वापरण्याचा सराव हवा, आणि सोबत स्थानिक गाइड हवा. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच असते. तेवढ्या वेळात खालून मदत पोहोचत नाही, शोध सोबत्यांनाच घ्यावा लागतो.

सातवी पायरी: परत फिरण्याच्या खुणा ओळखाव्यात

या खुणा डोळ्यांना आणि पायांना सहज कळतात. प्रश्न त्या मानण्याचा असतो. उन्हात तापलेल्या काळ्या खडकांखालून बर्फाचे लहान गोळे आपोआप घरंगळू लागले, की त्या उताराची वेळ संपत आली असे समजावे. तेच गोळे वाटेत गुंडाळत ताटाएवढे होऊ लागले, तर त्याच क्षणी बाहेर पडावे. वळताना स्कीखालून ओला बर्फ चादरीसारखा सरकू लागणे, थांबल्यावर पाय घोट्याच्या वर फसणे, पाऊल टाकताच खालून दबका आवाज येऊन आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित खचणे, किंवा उतारावर आडवी, रुंद होत जाणारी भेग दिसणे, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी आहे. बर्फावर पाऊस पडू लागला तर तासभर वाट पाहण्याचीही गरज नाही, खाली यावे.

आकाशाकडेही लक्ष असावे. मार्चअखेर आणि एप्रिलमध्ये दुपारनंतर गडगडाटी ढग वेगाने वाढतात. धारेवर असताना मेघगर्जना ऐकू आली तर काठ्या वर न धरता ताबडतोब उंचावरून उतरावे. ढग खाली आले की उताराचा चढउतार दिसेनासा होतो. अशा वेळी गंडोलाचे खांब दिसत राहतील एवढ्या अंतरातच राहावे.

सामानाविषयी थोडे

भाड्याने स्की घेताना कडा धारदार आहेत का ते नखावरून फिरवून पाहावे. सकाळच्या टणक बर्फावर बोथट कडा काहीच धरत नाही. दुपारच्या ओल्या बर्फात स्की चिकटते, तेव्हा शून्याच्या आसपासच्या तापमानासाठीचे वॅक्स (स्कीच्या तळाला लावायचे मेण) लावून मागावे. जाड जॅकेटपेक्षा काढता-घालता येतील असे तीन पातळ थर बरे. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो, त्यामुळे सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावावे आणि गॉगल ढगाळ दिवशीही काढू नये. डोळ्यांची जळजळ काही तासांनी, रात्री सुरू होते. मुंबई-पुण्याहून आलेल्याने पहिल्याच दिवशी फेज टूला जाऊ नये. एक रात्र पठारावर काढून, डोके दुखत नसेल तरच वर जावे.

रस्ता आणि परतीचा दिवस

तंगमर्ग ते गुलमर्ग हा 13 किलोमीटरचा घाट ताज्या बर्फात चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच खुला असतो; श्रीनगरहून आणलेली टॅक्सी तंगमर्गलाच थांबते आणि पुढे स्थानिक गाडी करावी लागते. मार्चमध्ये दुपारी वितळलेले पाणी रात्री याच रस्त्यावर गोठते, तेव्हा पहाटेचे विमान असेल तर आदल्या दिवशी दुपारीच उतरून श्रीनगरात मुक्काम करावा. परतीच्या तारखेच्या आसपास विक्षोभाचा अंदाज असेल तर एक दिवस हातचा राखावा, कारण अशा हवेत श्रीनगरची विमाने रद्द होतात आणि जम्मूला जाणारा बनिहालकडील महामार्गही त्याच वेळी बंद पडण्याची शक्यता असते.